पालथा सांधा

लिहून ठेवा, आमच्या घरात हातात कला असलेली एकच व्यक्ती आहे, आणि ती मी! निदान परवाच्या शनिवारपर्यंत माझं असं ठाम मत होतं.

बाबांनी दोन वर्षं खपून टेबलावर छोटी रेल्वे उभारलीय. नखाएवढ्या बाकांचं स्टेशनसुद्धा आहे. पण त्यात गाडी कधी शिरलीच नाही! तिला स्टेशनाकडे वळवणारा सांधा बाबांनी आणला, त्याच दिवशी तो माझ्या टाचेखाली चिरडला.

"नवा कशाला? मी हाताने बनवते!" मी जाहीर केलं.

"इंजिनियरबाई, तुला पेन्सिलला टोक काढता येत नाही," दादा म्हणाला.

मी आठवडाभर चक्क रुळांना टोक काढलं, कानशीने! ट्रेसिंग पेपरवर नकाशा गिरवला, फळीवर चिकटवला, त्यावर काड्यांचे स्लीपर, त्यावर खिळ्यांनी ठोकलेले रूळ. सोल्डरने तीन बोटं भाजली.

शनिवारी बाबांनी तोंडाने शिट्टी दिली. गाडी आली, डौलात वळली आणि स्टेशनाला पाठ दाखवून थेट आईच्या लोकरीच्या टोपलीत!

"अगं, कागद पालथा चिकटवलास!" दादा गडाबडा लोळला. "स्टेशन उजवीकडे, हा वळतो डावीकडे!"

बाबा एवढंच म्हणाले, "वळली मात्र झकास हं." त्या 'हं'पेक्षा दोन धपाटे परवडले असते!

रूळ संपले होते. मग "जरा पॉलिश करते" अशी थाप मारून मी तो सांधा खोलीत नेला, खिळा न् खिळा उपटला आणि त्याच रुळांचा उजवा सांधा बनवला. कागद दहा वेळा तपासून!

शुक्रवारी बाहेर आले. "बाबा, डोळे मिटा!"

"आधी तू मीट!" म्हणत बाबांनी टेबलावरची चादर ओढली.

स्टेशन डावीकडे! बाकांसकट!

"तुझी मेहनत वाया कशी जाऊ देईन? पटाशीने उचकटलं आणि इकडे चिकटवलं. आता भूकंपातही हलायचं नाही!"

मी पाठीमागे लपवलेला हात पुढे केला. बाबांनी सांधा पाहिला. मग स्टेशन पाहिलं. मग पुन्हा सांधा.

गाडी अजून गोल गोलच फिरतेय. बाबांनी नवे रूळ मागवलेत. तोवर मी पेन्सिलला टोक काढायचा सराव करतेय. आजच्या तीन मोडल्या.