भूमिकेत न बसणारी बाई

दिग्दर्शक ओलावो यांचे हात चुकून दुसऱ्यांच्या अंगावर पडत असत. टीव्ही वाहिनीत हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे त्याची वेगळी तक्रार करण्याची कुणाला गरज वाटत नसे.

इवोनेते बताल्याला मात्र ती वाटली. रिओच्या मालिकांमध्ये ती वर्षानुवर्षं मोलकरणीच वठवत आली होती. प्रगती झाली नाही असं नाही. पहिल्या मालिकेत मोलकरणीला नाव नव्हतं, हल्लीच्या मालिकेत होतं. ट्रे घेऊन येण्याची तिला इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा रिकाम्या हाताने खोलीत शिरताना तिला आपलं काहीतरी राहिल्यासारखं वाटे. त्या मालिकेत तिचा संवाद होता, ‘कॉफी आणू, मालकीणबाई?’ या तीन शब्दांची तालीम ओलावो आपल्या खोलीत, दार लावून घेत. तिसऱ्या तालमीनंतर ती ब्लाऊजची तुटलेली बटणं मुठीत धरून बाहेर आली आणि थेट बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाहिनीच्या सन्मान समितीकडे गेली. मागणं एकच होतं. त्या खोलीत पुन्हा जावं लागू नये.

समितीच्या अध्यक्षा बेरेनिसेबाई प्रेमळ होत्या. “सांग हं, अगदी मोकळेपणाने सांग,” त्या म्हणाल्या.

इवोनेतेने सांगितलं.

“अगं, पण ओरडतेस कशाला?”

“ओरडत नाही बाई. माझा आवाजच असा आहे.”

“तेच म्हणते मी. असा आवाज असलेल्या बाईच्या वाटेला कोण जाईल?”

पुढच्या खेपेला ती हळू आवाजात बोलली. तेव्हा प्रकरण फारसं गंभीर नसावं, असं समितीचं मत पडलं. मग ती रडली. समितीने तिच्या अभिनयाची तारीफ केली. शेवटी ती नुसती ताठ बसून बोलली, तर बेरेनिसेबाईंचेच डोळे भरून आले. “तुम्ही काळ्या बायका किती कणखर असता गं! आमच्यासारखी असती तर कोलमडलीच असती.” कणखर बाईला मदतीची गरज नसते, हे उघडच होतं. गंमत म्हणजे, आपण कणखर आहोत हे ऐकून इवोनेतेला घरी जाईपर्यंत बरंही वाटत होतं.

समितीने तक्रार वाया मात्र जाऊ दिली नाही. ती वाहिनीच्या लेखकांना दिली आणि ‘बोलणाऱ्या स्त्री’वर विशेष भाग करायचं ठरलं. नायिकेच्या तोंडी इवोनेतेचे शब्द जसेच्या तसे होते. ती धावत निवडचाचणीला गेली.

“ही बाई मीच आहे,” ती म्हणाली.

“वाच बरं,” निवड करायलाही बसलेल्या बेरेनिसेबाई म्हणाल्या. तिने वाचलं. बाईंनी मान हलवली. “शब्द सुरेख आहेत गं. पण तुझ्या तोंडी ते आरोपासारखे वाटतात.”

भूमिका सोनेरी केसांच्या लोरेनाला मिळाली. ती गुणी मुलगी होती. अभ्यासासाठी इवोनेतेकडे आली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “ताई, त्या वेळी तुला नेमकं काय वाटलं गं?” इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. इवोनेते अशी काही विरघळली की कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं तिने शिकवलं. तिला स्वतःलाही काम मिळालं, पीडित नायिकेला पाणी आणून देणाऱ्या मोलकरणीचं. दिग्दर्शन ओलावो यांच्याकडे आलं, कारण विषयाची त्यांना जवळून माहिती होती.

भाग लागला त्या दिवशी इवोनेतेच्या टेकडीवरच्या वस्तीतल्या बायका शेजारच्या झुलैदेकडे जमल्या. गॅसवर काळा घेवडा करपला, पण कुणी उठलं नाही.

“बघ इवोनेते, असं बोलायचं असतं!” झुलैदे पदर नसल्यामुळे टेबलावरच्या कापडाला डोळे पुसत म्हणाली. “तू म्हणजे आपली सदा तडतड तडतड.”

 इवोनेतेही हुंदके देत होती. लोरेनाचं तिला अगदी पटलं होतं. अशा माणसाला तुरुंगातच टाकायला हवं, असं तिला मनापासून वाटलं, आणि मग तो माणूस कोण हे आठवून ती स्वतःवरच चिडली.

भागाला पारितोषिक मिळालं तेव्हा वाहिनीने मेजवानी दिली. ओलावो केक कापत असताना इवोनेतेने माईक हातात घेतला.

“ही गोष्ट माझी आहे,” ती म्हणाली. “आणि तो माणूस हा. सुरी हातात धरून उभा आहे तो.”

 मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सबंध हॉल खदखदायला लागला. “काय टायमिंग आहे हिचं!” ओलावो डोळे पुसत म्हणाले. तिने तेच वाक्य चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुन्हा म्हटलं. लोकांनी पोटं धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ओलावोंच्या खोलीतून निरोप आला, नव्या विनोदी भूमिकेची तालीम आहे.

हॉलमधल्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या ओळीपासून तुम्हीही हसतच इथवर आलात. हीच हकीकत लोरेनाने सांगितली असती तर रडला असतात.