दोराबद्दल वाटणारी काळजी

नकाशा कार्यालयाच्या लिफ्टचा दोर झिजला होता. मेकॅनिकने गच्चीवरच्या खोलीत जाऊन त्या तारेच्या दोरावरून फडकं फिरवलं, तेव्हा ते जागोजागी अडकलं. आतल्या तारा तुटून काट्यांसारख्या वर आल्या होत्या. लिफ्ट बंद ठेवण्याचा अधिकार मेकॅनिकला नव्हता. चालू ठेवण्याचा होता, आणि तो त्याने आजवर निष्ठेने बजावला होता. पण या खेपेला त्याचा जीव थाऱ्यावर राहिना, कारण सगळ्यात वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण नकाशे गिरवण्याच्या कामावर होती. ताईचे गुडघे गेले होते. जिना तिच्यासाठी असून नसल्यासारखा होता, आणि दिवसातून कितीदा तरी ती त्याच दोराच्या भरवशावर वर-खाली करत होती.

तक्रार करावी म्हणून तो तळमजल्यावर गेला, तर तिथे तक्रार विभागच राहिला नव्हता. तक्रारींमुळे कार्यालयाचं वातावरण बिघडतं, असं वरिष्ठांच्या अभ्यासात आढळलं होतं. तक्रार करणारा माणूस मुळात एकटा असतो, त्याला आपुलकीने ऐकणारं कोणी मिळालं की तक्रार उरतच नाही, असाही निष्कर्ष निघाला होता. तेव्हा त्याच खोलीत, त्याच टेबलामागे आता 'मनमोकळा कक्ष' उघडला होता. तक्रार विभागातल्या बाईच संवेदना अधिकारी झाल्या होत्या. पूर्वी त्या मान वर न करता अर्ज घ्यायच्या. आता मान वर करून काहीच घेत नव्हत्या.

"बसा," बाई म्हणाल्या. "काय वाटतंय?"

"लिफ्टचा दोर झिजलाय."

"लिफ्टचा दोर झिजलाय असं तुम्हाला वाटतंय."

"वाटत नाही बाई, झिजलाय. मी हात लावून आलोय."

"आणि आपलं कोणी ऐकून घेत नाही, असंही वाटतंय."

हे मात्र खरं होतं. आयुष्यात त्याला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, लिफ्ट कधी येणार. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, मान एका बाजूला कलती केली आणि ती तशीच ठेवली. मेकॅनिक बोलू लागला तो बोलतच राहिला. दोरावरून वडिलांवर गेला, वडिलांवरून लहानपणावर, आणि बाहेर पडला तेव्हा त्याला खरोखरच हलकं वाटत होतं. दोराचं वजन होतं तेवढंच राहिलं होतं.

नियमाप्रमाणे प्रत्येक चिंताग्रस्त कर्मचाऱ्याला एक विश्वासू व्यक्ती नेमून दिली जाई. मेकॅनिकने ताईचं नाव सुचवलं. कक्षाने ते आनंदाने मंजूर केलं, कारण जिच्या जिवाची काळजी तिलाच ती सांगणं, हे जवळिकीचं उत्तम उदाहरण होतं. ताई समोर बसली, भावाचा हात हातात घेतला आणि सगळं ऐकून घेतलं. वडील गेले तेव्हासुद्धा हा पठ्ठ्या चार शब्द बोलला नव्हता. तिला भरून आलं.

"एवढं मनात ठेवून फिरत होतास होय रे?" ती म्हणाली. "आता अजिबात काळजी करायची नाही. लिफ्ट तुझ्या हाताखाली आहे, मग मला कसली भीती?"

आणि भावावरचा विश्वास दाखवून देण्यासाठी ती मुद्दाम लिफ्टनेच वर गेली.

त्यानंतर मेकॅनिकला आधारमंडळात घेतलं. बैठकीच्या खोलीतली लांबलचक टेबलं काढून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मंडळात बाई होत्या, साहेब होते, आणि ज्याच्या सहीशिवाय कार्यालयात खिळाही हलत नसे तो भांडारपाल होता. भांडारपाल मन लावून ऐकत असे.

"मला अगदी आतून वाटतं, यांना नवा दोर मिळायला हवा," तो एकदा सद्गदित होऊन म्हणाला.

"मग मागवा की," मेकॅनिक म्हणाला.

भांडारपाल दुखावला. बाईंनी मध्ये पडून समजावलं, की मंडळात उपाय सुचवू नयेत. उपाय सुचवणं म्हणजे समोरच्याचं दुःख घाईघाईने आवरतं घेणं. मेकॅनिकने माफी मागितली, आणि साहेबांनी स्वतः उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. साहेबांचा हात पाठीवर! इतकी वर्षं ते लिफ्टमध्ये त्याच्याकडे पाठ करून उभे राहत आले होते.

फक्त घरी बायकोला यातलं काही जमत नव्हतं. तो जेवताना दोराविषयी बोलू लागला की ती म्हणे, "मग बदला ना दोर. सांगता काय मला?" कधी म्हणे, "ताईंना तरी नीट सांगा, त्या लिफ्टमध्ये पाय ठेवू नका म्हणावं." मेकॅनिकला तिची कीव येऊ लागली. बायको भली होती, पण तिला ऐकून घेता येत नव्हतं. त्याने ही नवी काळजी मंडळापुढे मांडली आणि मंडळाने ती पहिल्या काळजीपेक्षाही गंभीर मानली.

हळूहळू मेकॅनिकचं नाव झालं. एका सभेत त्याने मन मोकळं केलं, तेव्हा मागच्या रांगेपर्यंत रुमाल निघाले. मग दुसऱ्या शाखांकडून बोलावणी आली. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, 'माझी ताई' म्हणताना कुठे बघायचं, हे त्याला सरावाने कळलं. गच्चीवरच्या खोलीत जायला त्याला आता सवड होत नसे. तशी गरजही नव्हती. दोर किती झिजलाय हे तो न बघता, आणि बघून सांगायचा त्याहून कितीतरी परिणामकारक सांगू शकत होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना नवा दोर आला.

मनमोकळा कक्ष उघडण्यापूर्वी कोणीतरी केलेली एक जुनी तक्रार मुख्य कार्यालयात कुठेशी लोळत पडली होती. ती कोणाचीही इच्छा नसताना मंजूर झाली होती. गाडीतून दोराची अख्खी गुंडाळी उतरली आणि भांडारपालाचा चेहरा पडला. तातडीने मंडळ बसलं.

"इतक्या मेहनतीने हा माणूस बोलता झालाय," बाई म्हणाल्या. "आणि मध्येच कारणच काढून घ्यायचं म्हणजे धक्का नाही का बसणार त्याला?"

"पुढच्या आठवड्यात तुम्हाला ऐकायला पाहुणे येताहेत," साहेब म्हणाले. "तुमचं मनोगत छापून झालंय. अर्थात तुमच्यावर दडपण नाही. तुम्हाला जे वाटेल त्याचा आम्ही आदर करू."

सगळे त्याच्याकडे बघू लागले, माना कलत्या करून. मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर नवा कोरा दोर आला, आणि त्या दोरावर चालणारी लिफ्ट, आणि त्या लिफ्टपाशी उभा असलेला एक माणूस, ज्याला लोक लिफ्ट कधी येणार एवढंच विचारताहेत.

"पाहुणे जाऊ देत," तो म्हणाला. "मग बघू."

दोर भांडारात गेला आणि भांडाराला कुलूप लागलं. पाहुणे आले, रडले, गेले. त्यांच्या मागून दुसरे आले. बायकोने एकदा विचारलं, "आला ना दोर? मग बसवत का नाही?" त्यावर तो म्हणाला, "तू मला समजूनच घेत नाहीस," आणि ताटावरून उठला.

एके सकाळी ताई लिफ्टपाशी त्याची वाट बघत थांबली होती. काखेत नकाशाची गुंडाळी होती आणि चेहरा उतरला होता.

"काल लिफ्ट मधेच थांबली रे," ती हळू आवाजात म्हणाली. "मग एकदम खाली गेली आणि पुन्हा अडकली. तू मला एकदा खरं खरं सांग. धोका आहे का? असेल तर मी जिन्याने जाईन. बसत बसत जाईन, पण जाईन."

मेकॅनिकने तोंड उघडलं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द ओठांपर्यंत आलाही होता, पण त्याच्या पुढे रांगेत कितीतरी सवयीचे शब्द उभे होते.

"ताई," तो म्हणाला आणि जिथे थांबायचं तिथे थांबला. "प्रत्येक माणसाच्या आत एक दोर असतो. त्याच्या तारा एकेक करून तुटत असतात, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही नसतो..."

तो बोलत गेला. भाषण उत्तम झालं. ताईचे डोळे पाणावले. एवढा घुमा भाऊ आता किती छान बोलतो, या कौतुकात ती आपला प्रश्न विसरली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, "शहाणा माझा तो," म्हणाली, आणि लिफ्टमध्ये शिरली. दार लागलं. दारावरचे मजल्यांचे दिवे एकेक करून पेटू लागले आणि मेकॅनिक मान वर करून ते बघत राहिला. त्याला ओरडायचं होतं. पण ओरडणं कक्षाच्या शिस्तीत बसत नव्हतं, आणि संध्याकाळी बोलण्यासाठी आवाजही जपायचा होता.

वाचकहो, ताईसाठी तुमच्याही काळजात चर्र झालं असेल. छान झालं. ते मनात ठेवू नका. जवळच्या एखाद्या माणसाला सांगा, तो मान हलवेल आणि तुम्हाला हलकं वाटेल. कार्यालयाकडे अशी पुष्कळ पत्रं येतात. प्रत्येकाला फार वाईट वाटलेलं असतं, आणि बाई प्रत्येकाचे आभार मानतात. दोर भांडारातच आहे. किल्ली भांडारपालाकडे असते, कामाच्या वेळात कोणीही मागू शकतं, आणि ती मागायला अजून कोणी आलेलं नाही.