मनालीच्या नावानं

वीरेंद्र सरांनी मनालीला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि तिनेच भरलेला फॉर्म तिच्यापुढे ठेवला. सर मोहाडीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. विद्यार्थ्यांची घरची परिस्थिती आणि इंटरनेटवरचा त्यांचा राजकीय सहभाग, या विषयावर त्यांचा अभ्यास चालू होता. मनाली करडी गावची, वडिलांची दोन एकर धानाची शेती, त्यांचं शिक्षण चौथी. 'इंटरनेटवर राजकीय मत मांडता का?' या प्रश्नापुढे तिने ठळक अक्षरात 'कधीच नाही' असं लिहिलं होतं.

मग सरांनी तिचं फेसबुकचं खातं उघडून दाखवलं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि मनालीने महिन्याभरात प्रचाराच्या एकशे चाळीस पोस्टना अंगठा दिला होता. शिवाय ताराचंद आणि गोपीचंद या दोन्ही उमेदवारांच्या फोटोखाली एकच वाक्य होतं: 'आमी तुमच्याच संग आहो.'

"तू नेमकी कोणाकडून आहेस?" सरांनी विचारलं. त्यांच्या तक्त्यात तटस्थांचा रकाना होता, कट्टरांचा होता, काठावरच्यांचाही होता. दोन्हीकडून कट्टर असणाऱ्यांचा मात्र नव्हता.

मनालीला काहीच उमगेना. कॉलेजच्या सूचना कळाव्यात म्हणून तिने ते खातं उघडलं होतं आणि घरात फोन एकच असल्यामुळे तो दिवसभर घरीच राहायचा. हे तिने सरांना सांगितलंही, पण तेवढ्यात तास सुरू झाल्याची घंटा वाजली.

संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं. बाबुलालने काहीच लपवलं नाही. दुपारी शेतावरून आला की तो फोन घेऊन बसायचा. ताराचंद त्याच्या बायकोच्या, मंगलाबाईच्या माहेरचा, तर गोपीचंदचं शेत बाबुलालच्या शेताला लागून. फोटोत दोघंही हात जोडून उभे असत.

"मानूस हात जोडून राहिला त आपन तोंड फिरवाचं का?" तो म्हणाला. "मी त सगळ्याईले अंगठा देतो. याच्यात राजकारन कायचं आलं?"

हे सगळं आपल्या नावावर दिसतं आणि कॉलेजात वाचलं जातं, हे मनालीने समजावल्यावर त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात असताना तो एकेक अंगठा परत घ्यायला बसला. अंगठ्यावर बोट जरा जास्त वेळ टेकलं की चेहऱ्यांची रांग यायची. त्यातला लाल चेहरा म्हणजे 'रद्द' असणार, असं त्याने ठरवलं. दिवे लागेपर्यंत दोन्ही उमेदवारांच्या वाट्याला सत्तर-सत्तर संतापलेले चेहरे आले होते.

सकाळी आधी ताराचंद आला, पाठोपाठ गोपीचंद. अंगणात खाट एकच होती, त्यामुळे दोघं शेजारी बसले. आपलं काय चुकलं हे दोघांनाही विचारायचं होतं, पण दुसऱ्यासमोर विचारायचं नव्हतं. मंगलाबाईने चहा दिला, तो संपला, तरी बोलणं पिकापाण्याच्या पुढे सरकेना. शेवटी बाबुलालच बोलला.

"पोरीचा काई दोस नाही. नाव तिचं हाय, बोट माहं."

दोघांचाही जीव भांड्यात पडला. हसत हसत दोघांनी ती गोष्ट गावभर सांगितली. दुपारपर्यंत साऱ्या करडीला कळलं, मनालीच्या नावानं जे येतं ते बाबुलालचं असतं.

मनाली मात्र विचारात पडली. महिनाभर तिचं नाव सगळीकडे होतं आणि त्यात तिचा एकही शब्द नव्हता. सांगण्यासारखं तिच्याकडे होतं, पण पोरीच्या जातीनं असं लिहावं का, या धास्तीने ती गप्प राहिली होती. त्या दिवशी तिने तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. चौथ्यांदा दोन्ही उमेदवारांच्या फोटोखाली टाकलं: 'संध्याकाळची बस बंद झाल्यापासून करडीच्या सहापैकी चार मुलींनी कॉलेज सोडलं. बस कोणत्या तारखेला सुरू कराल?'

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर लोक बाबुलालला थांबवू लागले. "बाबुलालभाऊ, बराबर लिवलं." ते आपलं नाही असं तो शपथेवर सांगत होता आणि लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटत होता. बाबुलालची गोष्ट कॉलेजातही पोचली होती आणि वीरेंद्र सरांनी ते वाक्य 'पालकांचा सहभाग' या नव्या रकान्यात घातलं होतं. हे मीच लिहिलंय, असं मनालीने सांगितल्यावर त्यांनी त्या वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

गोपीचंदने रविवारी ग्रामपंचायतीसमोर सभा ठेवली. मागे राहायला नको म्हणून ताराचंदही आला. माइकवरून पुकारा झाला, बसच्या प्रश्नावर बाबुलालभाऊ बोलतील. बाबुलाल उठला, घामाघूम झाला आणि मनालीकडे वळला.

"जाय माय, तूच बोल. मले काय मालूम त्यातलं."

मनाली माइकपाशी गेली. तिने त्या चौघींची नावं घेतली. कोणाचं लग्न उरकलं, कोण दुसऱ्याच्या शेतात धान कापायला जाते, हे एकेक करून सांगितलं. गोपीचंदने उठून बसची तारीख जाहीर केली. ताराचंदने त्याच्या दोन दिवस आधीची केली. टाळ्या पडल्या.

पुढे बसलेल्या शेजारच्या सीताबाईने डोळे पुसले आणि मागे वळून मंगलाबाईला कौतुकाने म्हणाली, "बाबुलालनं पोरीकडून पाठ मातर चांगला करून घेतला वो."