आधी हिरडी, मग वरण

आमच्या शाळेत वरण मिळायचं ते हिरडी दाखवल्यावर. सौंसरजवळच्या या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक मी. पण दुपारच्या जेवणाला राज्य चालायचं स्वयंपाकीण शेवंताबाईंचं. पोरगं ताट घेऊन समोर आलं की पळी हवेतच थांबायची. "ओठ वर कर." पोरगं दोन बोटांनी ओठ उचलायचं, बाई डोळे बारीक करून बघायच्या, मगच ताटात वरण पडायचं.

एकदा तपासणीला आलेले साहेब जेवण चाखायला रांगेत उभे राहिले. "ओठ वर करा, साहेब." मी मागून हातवारे करतोय, पण साहेबांनी बिचाऱ्यांनी उचललासुद्धा. "सुजून राहिल्या हिरड्या. तो तंबाखूचा खर्रा सोडा," म्हणत बाईंनी वरण वाढलं.

"हिरडी लबाड बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हिरडीवरून त्यांना घर कळायचं. "याची माय कापूस वेचाले जाऊन राहिली. चार दिसापासून ब्रश नाही याच्या तोंडात." हापशीवर त्या पोरांना ब्रश धरायला शिकवायच्या. थुंकीत लाल दिसलं की पोरं ब्रश टाकून पळायची. मग बाई ओरडायच्या, "रगत आलं मनून सोडाचं नसते रे! हळू घास, पन घास!"

आम्ही शिक्षक चहा पिताना त्यांची नक्कल करायचो. माझी सगळ्यात हुबेहूब होती.

चौथीतल्या पायलच्या दप्तरात त्यांना गुडाखूची डबी सापडली. गुडाखू म्हणजे बायका दातांना घासतात ती तंबाखूची काळी पेस्ट. बाईंनी डबी नालीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पायलची आई शाळेत हजर. "हिले भात शिजवाले ठेवलं का डॉक्टरकी कराले?"

गावात बोभाटा नको म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेवंताबाई, उद्यापासून फक्त वाढायचं."

"बरं, सरजी."

दुसऱ्या दिवशी पोरं सवयीनं ओठ उचलून उभी राहिली. बाईंनी मान वर न करता वरण वाढलं. आठवडाभरात पोरांची सवय मोडली.

दीडेक महिन्यानं पायल शाळेत यायची थांबली. गाल सुजून डोळा मिटला होता. नागपूरला नेलं, तिथं कायमच्या दोन दाढा काढाव्या लागल्या.

मी स्वयंपाकघरात गेलो. "तुम्हाला काही दिसलं होतं का?"

"डबी सापडली त्याच दिवशी हिरडीवर फोड दिसला होता, सरजी. तेच तिच्या मायले सांगणार होतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. पुन्हा तपासायला लागा म्हणालो. त्या सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्या सुमीची दाढ दुखे लहानपनी. मीच बोटानं गुडाखू लावून देत होतो. दुखनं थांबे, लेकरू झोपे. मले वाटे, किती सोपी दवा हाय. मंग तिले सवयच पडली. लग्नात समोरचे दात हालत होते पोरीचे."

सुमी पांढुर्ण्याला दिलेली. इथून तासाभराची बस. मी विचारलं, "जाता का भेटायला?"

"जातो न. पोरगी चहा करते, जेवू घालते. पन बोलते ते पदर तोंडाले लावून." बाईंनी सूप खाली ठेवलं. "तिले हासू येईल अशी गोष्ट मी काढतच नाही तिथं."