बन्सीधरला बिनतारी उत्तर

बन्सीधरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, असं पूर्णेत जे बोललं जातं ते साफ खोटं आहे. मी सतरा वेळा उत्तर दिलं. पाठवलं मात्र एकदाही नाही, एवढंच!

बन्सीधर हा माझा बेचाळीस वर्षांपासूनचा मित्र. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल, तो रेल्वेत. निवृत्त झाल्यावर तो पाथरीला मुलाकडे राहायला गेला आणि तिथं दुसरं काही काम हाती न लागल्यामुळे त्यानं आत्मचरित्र लिहिलं. तीनशे चाळीस पानं! गेल्या श्रावणात ते बाड माझ्याकडे आलं. सोबत पत्र होतं. 'माधव, तू जन्मभर पुस्तकांत बसलास. वाच आणि खरं काय ते कळव. खोटं कौतुक करायला घरचे आहेत. तू हो म्हणालास तर छापतो, नाही म्हणालास तर माळ्यावर टाकतो.'

आता मला सांगा, ज्या माणसानं चौतीस वर्षांच्या नोकरीत 'शांतता राखा' ही पाटीसुद्धा शिपायाकडून लावून घेतली, त्यानं असल्या पत्राला काय उत्तर द्यावं? खरं लिहावं तर मित्र जातो. खोटं लिहावं तर पुस्तक येतं! मी लिहायचो, वाचायचो, फाडायचो. विमल, म्हणजे आमचं कुटुंब, रोज सकाळी केर काढताना म्हणायची, "आजही बन्सीधरभावजींना उत्तर गेलं वाटतं केराच्या टोपलीतनं!"

अखेर मुलगा नचिकेत पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, लॅपटॉप घ्या. हवं तितकं लिहा, हवं तितकं पुसा. कागद वाया जायचा नाही." हे मला इतकं पटलं, की मी स्वतः परभणीला जाऊन लॅपटॉप घेऊन आलो. घरात जाहीरही करून टाकलं, "आठ दिवसांत बन्सीधरच्या हातात छापील उत्तर पडेल!"

"कोणत्या वर्षातले आठ दिवस?" विमलनं विचारलं.

नव्या लॅपटॉपबद्दल माझं मत विचाराल, तर यंत्र अतिशय गुणी आहे. इतकं गुणी, की त्याच्यासमोर बसलं की आपण नापास झालोय असं वाटतं. उघडल्या उघडल्या 'नमस्कार, माधवराव' असं म्हणतं. आमच्या घरात मला राव म्हणणारं ते एकटंच. त्यानंतर त्यानं मला परवलीचा शब्द मागितला. मी पुष्कळ विचार करून एक दिला. त्यानं सांगितलं, 'कमकुवत.' हे सांगायला यंत्र कशाला लागतं? ते मला सासुरवाडीत चाळीस वर्षांपूर्वीच सांगितलं गेलं होतं.

दुकानदार म्हणाला होता, एकदा चार्ज केला की दहा तास चालतो. खरंच चालतो. पण 'प्रिय बन्सीधर' एवढं लिहायलाच मला तीन दिवस लागले, त्याला तो बिचारा काय करणार! मध्येच त्यानं 'सुधारणा सुरू आहेत, संगणक बंद करू नका' असं बजावलं. मी पाऊण तास त्याच्यासमोर हात जोडून बसलो. सुधारणा संपल्यावर पाहिलं, तर तो जसा होता तसाच होता. मीही.

आणि त्याची सगळ्यात छळवादी खोड म्हणजे तो प्रत्येक गोष्टीला विचारतो, 'तुम्हाला खात्री आहे?' काही पुसायला घ्या, 'खात्री आहे?' बंद करा, 'खात्री आहे?' अहो, मला स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर होईपर्यंत खात्री नव्हती! मी दर वेळी 'रद्द करा' दाबायचो. परिणामी त्यावर लिहिलेलं माझं एकूण एक उत्तर त्याच्या पोटात सुखरूप राहिलं. केराच्या टोपलीला निदान तळ होता.

विमलनं त्याची रीतसर पूजा केली. हळदीकुंकू वाहिलं, आणि वरच्या काठावरचा तो बारीक डोळा तिला आवडेना म्हणून त्यावर स्वतःची टिकली चिकटवली. "मेलं टक लावून बघायलंय," म्हणाली.

असे दिवस चालले असताना चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं.

आमच्याकडे या दिवशी पुरुषाला स्थान नसतं. दुपारपासून घर बायकांचं. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि तीस-पस्तीस बायका. पुरुषानं आतल्या खोलीत बसायचं आणि खोकायचंही नाही. मला ही प्रथा मनापासून आवडते. वर्षातला एक दिवस तरी माझा स्वभाव घरच्या नियमांत बसतो.

या वर्षी सून स्वरदा पुण्याहून आली होती. बायकांना आमच्या लेकीच्या, ईश्वरीच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवायची टूम तिनंच काढली.

"बाबा, तुमचा लॅपटॉप द्या. मोठ्या टीव्हीवर दाखवते."

"वायर?" मी विचारलं.

"वायर लागत नाही हो आता!"

तिनं चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि टीव्हीवर ईश्वरी हार घेऊन उभी राहिली. मी आत जाऊन बसलो. तासाभरानं व्हिडिओ संपला, पन्हं फिरू लागलं. मी दाराच्या फटीतून हळूच विचारलं, "स्वरदा, झालं असेल तर लॅपटॉप देतेस का?" तिनं तो आणून दिला आणि ती डाळ वाढायला गेली.

आता यात माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा. आमच्या पिढीचा एक साधा हिशेब आहे. वस्तू दुसऱ्या वस्तूला जोडलेली असेल तर मध्ये वायर दिसते. इथं वायर नव्हती. मी लॅपटॉप उचलला, आत आणला, दार लावलं. म्हणजे तो टीव्हीपासून सुटला. गाय दावं सोडून गोठ्यात आणल्यावर ती रानात चरतेय असं कुणी म्हणेल का? पण ही गाय गोठ्यात बसून रानात चरत होती!

त्या दिवशी मला कधी नव्हे तो जोर आला होता. दाराबाहेर बायका, दाराआड मी, जगात माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. मी ठरवलं, एकदा मन मोकळं करून खरं लिहू. पाठवायचं नाहीच, तर भ्यायचं कशाला? डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षरं अठ्ठावीस आकाराची केली आणि एका बोटानं सुरुवात केली.

'प्रिय बन्सीधर, तुझं पुस्तक मी तीनदा वाचायला घेतलं आणि तिन्ही वेळा मला उत्तम झोप लागली.'

बाहेर एकदम शांतता पसरली. मला वाटलं, डाळ चांगली झालेली दिसते.

'तीनशे चाळीस पानांत दोनशे दहा पानं तुझ्या सत्कारांची आहेत. कोणत्या शालीचा रंग कोणता, हे जग विचारत नाही.'

बाहेर हशा पिकला. मला वाटलं, व्हिडिओ पुन्हा लावला असावा आणि व्याह्यांचे मेहुणे वरातीत नाचतात तो भाग आला असावा. बरं वाटलं. हाताला वेग आला.

'तुझी बहीण सगुणाबाई एका दमात तासभर बोलते, पण ती ऐकवते तरी. तुझं लिहिणं तिच्या बोलण्याइतकंच लांब आहे, फक्त त्यात मीठ नाही.'

"अगंबाई!" बाहेर कुणीतरी किंचाळलं. पाठोपाठ वाटी पडल्याचा आवाज. मी म्हटलं, बायकांच्या हातून सांडतंच काहीतरी.

'आमची विमल तर म्हणाली, कागद चांगला जाड आहे, डब्यांखाली घालायला होईल.'

यावर बाहेर जो गलका झाला, तसा पूर्णा जंक्शनवर दोन गाड्या एकदम लागल्या तरी होत नाही. त्यात विमलचा आवाज वेगळा ऐकू येत होता, "मी असं म्हणाले नव्हते हो, सगुणाताई! आणि म्हणाले असले तरी ते असं नव्हतं!"

मी आपला माझ्याच कौतुकात. लिहिलेलं वाचलं आणि नेहमीप्रमाणे धीर सुटला. बन्सीधरचा चेहरा डोळ्यांपुढे आला. एवढा म्हातारा माणूस, एवढ्या हौसेनं लिहिलेलं! मी सगळं एकदम निवडलं आणि पुसलं. या खेपेला यंत्रानं काही विचारलं नाही. बाहेरून मात्र एक मोठा सुस्कारा आला, मालिकेत ऐन वेळी वीज गेल्यावर येतो तसा.

मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. लिहिलं, 'प्रिय बन्सीधर, तुझं आत्मचरित्र अप्रतिम आहे. मी एका बैठकीत वाचून काढलं. एकही शब्द कमी करू नकोस. अवश्य छाप.'

"खोटं लिहायलेत बघा! धडधडीत खोटं!" बाहेरून आवाज आला. आणि दार उघडलं.

दारात विमल. हातात पन्ह्याचं भांडं, चेहऱ्यावर तिखटाचा रंग.

"अहो, ते पहिलं परत आणता येतं का?"

"कोणतं पहिलं?"

"मीठ नसलेलं! सगुणाताईंना चष्मा सापडेपर्यंत तुम्ही पुसूनही टाकलं. त्या म्हणायल्यात, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला नीट वाचू द्या."

मी तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. भिंतीवर बेचाळीस इंची टीव्ही. त्यावर अठ्ठावीस आकाराच्या अक्षरांत 'अवश्य छाप'. आणि त्यापुढे एक उभी रेघ, माझ्या काळजासारखी लुकलुकणारी. टीव्हीसमोर पस्तीस बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं कधीच कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. म्हणजे लक्ष देऊन.

मी लॅपटॉप खाडकन मिटला. टीव्ही काळा झाला. "अरेरे!" सगळ्या एकसुरात म्हणाल्या.

सगुणाबाई बायकांमधून उठून आल्या. मी मान खाली घातली. बन्सीधरची सख्खी बहीण! पण त्या म्हणाल्या, "माधवराव, पहिलं जे लिहिलंत ना, ते आम्ही सगळेजण वर्षभर बोलायलोय. दादाला सांगायची छाती कुणाची नाही. तुमी सांगाल असं वाटलं होतं. मग ते दुसरं कशाला लिहिलंत?" एवढं बोलून त्या तासभर बोलल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लॅपटॉपला माफ केलं असतं. पण पस्तीस बायकांकडे पस्तीस फोन होते. पहिलं उत्तर कुणीतरी टिपलं, दुसरं कुणीतरी. बायका आपापल्या घरी पोहोचायच्या आत दोन्ही पाथरीला पोहोचली. आठ महिने जे मला जमलं नाही, ते हळदीकुंकवानं पाऊण तासात केलं.

दिवेलागणीला फोन वाजला.

"माधव." बन्सीधरचा आवाज.

"हुं."

"दोन व्हिडिओ आलेत. एकात मी झोपेचं औषध, दुसऱ्यात अप्रतिम. दोन्हींत लिहिणारा तूच?"

"हुं."

"नुसतं हुं हुं करू नकोस! फोनवर तू जन्मात कधी बोलला नाहीस. पुढच्या सोमवारी बाड छापखान्यात जायचंय. माझ्या आयुष्यातलं एकच पुस्तक आहे, त्याचं हसं झालं तर ते पुसता येणार नाही. यातलं खरं कोणतं, ते हातानं लिही आणि पोस्टात टाक. आलं नाही तर मी समजेन, की आपली ओळख ही नुसती ओळखच होती."

फोन ठेवला गेला. त्याला माझं मत हवं होतं, कारण त्याच्या लेखी मला मत होतं! असा समज बाळगणारा तो जगातला एकटाच माणूस होता, आणि त्यालाच मी खोटं लिहायला बसलो होतो.

मी बाड चौथ्यांदा काढलं. या वेळी झोपायचं नाही असं ठरवून सगळं वाचलं. शाली ओलांडल्या, नारळ ओलांडले, आणि पान क्रमांक एकशे चौऱ्याण्णववर थांबलो. एका आडबाजूच्या स्टेशनवर बन्सीधरला नेमलं होतं. दिवसभरात एकही प्रवासी यायचा नाही. स्टेशन बंद होईल म्हणून त्यानं खिडकीतून स्वतःला तिकीट दिलं, बाहेरून जाऊन स्वतःकडून घेतलं, सुट्ट्या पैशांवरून स्वतःशी भांडला, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन चालत परत आला. अशी आठ पानं. मी ती वाचून हसलो. मग पुन्हा वाचली, तेव्हा हसू आलं नाही.

लॅपटॉप कपाटात ठेवला आणि कोरा कागद घेतला. 'बन्सीधर, पहिलं खरं आहे. दुसरं मी घाबरून लिहिलं. पण पहिल्यातही एक चूक आहे. तुझी तिकिटाची आठ पानं मी जागेपणी वाचली. तसं लिहिता येत असताना तू शाली का मोजत बसलास? तिथून पुन्हा सुरू कर. आत्ता छापू नकोस. रागावलास तरी हे पत्र फाडू नकोस, अठराव्या प्रयत्नाला आलंय.'

पाकीट घेऊन दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. खिडकीत अवधूत होता. त्याची आई हळदीकुंकवाला आली होती.

"काका, पाथरी?" त्यानं पत्ता न वाचताच विचारलं. मागच्या टेबलावरचे दोघं मान वर करून बघू लागले. "एक विचारू? यात पहिलं आहे की दुसरं?"

मी घसा खाकरला. "पहिलं."

"शाबास!" अवधूतनं तिकिटावर असा शिक्का हाणला की खिडकी हलली. "आमची आई जिंकली! सगळ्या बायकांनी पैज लावलीय, काका. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना पुरणपोळीचं जेवण द्यायचं. 'माधवराव खरं लिहितील', 'माधवराव खोटं लिहितील' आणि 'माधवराव काहीच पाठवणार नाहीत' असे तीन गट आहेत."

मला उगाच छाती भरून आल्यासारखं वाटलं. "खरं लिहीन म्हणणाऱ्या किती?"

"दोनच. आई आणि सगुणाबाई."

"आणि काहीच पाठवणार नाही म्हणणाऱ्या?"

"अठ्ठावीस," पाकीट थैलीत टाकत अवधूत म्हणाला. "त्या गटाच्या पुढारी आमच्या विमलकाकू."