सुखदेवकाकांची मान

आमच्या देऊळघाटात सुखदेवकाकांना मागून हाक मारायची नाही, असा अलिखित नियम आहे. मारलीच तर ते मान वळवत नाहीत. कपाट सरकवावं तसे पायांपासून आख्खे वळतात. स्कूटरवर असले तर स्कूटरसकट. एकदा बाजाराच्या दिवशी मी हाक मारली आणि काका वळेपर्यंत सगळा रस्ता खोळंबला. वर मलाच म्हणाले, "काऊन बे, समोर येऊन बोलता येत नाई? मानेचा मामला हाये."

'मानेचा मामला' हे त्यांचं प्रत्येक गोष्टीवरचं उत्तर. पंगतीत खाली बसणार नाहीत, मानेचा मामला. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी मान हलवून होकारही दिला नाही, नकारही नाही. तो बिचारा निवडणूक होईपर्यंत चकरा मारत राहिला.

गळ्यात कित्येक वर्षांपासून पट्टा. रोज सकाळी ते ओट्यावर स्टुलावर बसतात आणि वच्छलाकाकू मागे उभ्या राहून तो बांधतात. माझं घर समोरच, त्यामुळे चहा पिताना मला हे दिसतंच. "घट्ट झाला काय?" काकू विचारतात. "नाई," काका म्हणतात. मग काकू स्वयंपाकघरात, काका मळ्यात. मुलं पुण्याला. घरात बोलायला माणसं दोनच, आणि दोघांनाही बोलायची फारशी सवय नाही.

बुलढाण्याला व्यायामाने उपचार करणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मीच काकांना गाडीत घालून नेलं. बाईंनी एक्स-रे पाहिला, मान चाचपली आणि पट्टा काढून टेबलावर ठेवला. चारचौघांत सदरा उतरवल्यासारखे काका अवघडले.

"काका, तुमची मान खराब नाही, घाबरलेली आहे," बाई म्हणाल्या. "दुखतं म्हणून तुम्ही हलवत नाही, हलवत नाही म्हणून ती आखडते आणि आणखी दुखते. दुखलं म्हणजे आत काही तुटलं, असं नसतं. वापरा तिला."

"बाई, मानेचा मामला हाये," काका म्हणाले.

मग बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर एक डबा चढवला. व्हीआर म्हणतात त्याला. आत चहूकडे शेत दिसतं, त्यात पोपट येऊन बसतात. ज्याच्याकडे मान वळवून पाहाल तो उडून जातो. व्यायामच, पण खेळाच्या मिषाने. बाईंनी सगळं नीट समजावलं होतं. पण जन्मभर ज्वारी राखलेल्या माणसाला पोपट दिसल्यावर समजावलेलं कुठलं आठवतंय? "हाऽऽर्र, हाऽऽर्र" करत काका खुर्चीतून अर्धे उठले. डावीकडे, उजवीकडे, वर, मागे. "अबे, सारे कणसं खाऊन राह्यले. माही गोफण कुठी हाये?" बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. मान भिंगरीसारखी फिरत होती.

डबा काढला तेव्हा काका घामाघूम झाले होते. "दुखली का मान?" बाईंनी विचारलं.

काकांनी मान चाचपून पाहिली. मग म्हणाले, "ध्यानच नाई राह्यलं."

पुढे आम्ही बऱ्याच खेपा केल्या. मान मोकळी झाली आणि बाईंनी पट्टा कायमचा बंद केला. मला वाटलं, काका आता पेढे वाटतील. ते गाडीत तोंड पाडून बसले. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "वच्छलेले सांगू नको."

"का हो?"

"सकाळी तेवढीच जवळ येऊन उभी राह्यते. पट्टा गेला तं काऊन येईन?"

एरवी मी त्यांना चिडवायची संधी सोडत नाही. त्या दिवशी ती सोडली आणि गाडी चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओट्यावर ताठ बसले, जुन्या सवयीने, किंवा सोंगाने. काकू बाहेर आल्या. हात रिकामे होते.

"परवा मळ्यात पाखरं हाकलतानी पाह्यलं मी तुमाले," त्या म्हणाल्या. "मान चांगली फिरून राह्यली."

काकांनी चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली. काकू आत जातील असं मला वाटलं, बहुधा काकांनाही. पण त्या रोजच्या जागी, मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि काकांच्या सदऱ्याची कॉलर नीट करू लागल्या. ती नीटच होती.

"घट्ट झाली काय?" त्यांनी विचारलं.

काकांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. फक्त मान वळवून.