भगवंतरावांचा परदेशी चित्रपट

चित्रपट शनिवारी दुपारी तीन वाजता दाखवायचा होता आणि त्याचं परीक्षण गुरुवारीच छापून तयार होतं. यात भगवंतरावांना काही वावगं वाटलं नाही. साप्ताहिक शुक्रवारी निघायचं, त्याला ते तरी काय करणार? शिवाय परीक्षण लिहायला आधी चित्रपट पाहावा लागतो, हा समज साध्यासुध्या माणसांचा. भगवंतराव गेली चार वर्षं धामणगाव बढ्यात बसून पोलंड, हंगेरी, स्वीडन आणि जपान इथल्या चित्रपटांवर लिहीत होते आणि त्यातला एकही त्यांनी पाहिलेला नव्हता. मुंबईहून एक इंग्रजी मासिक टपालानं येई. ते वाचायचं, त्यात थोडी आपली खंत मिसळायची आणि बुलढाण्याला पंजाबरावांकडे धाडून द्यायचं, अशी त्यांची पद्धत होती.

एरवी ते गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत. पंजाबराव त्या साप्ताहिकाचे संपादक. भगवंतरावांच्या सदराला जिल्ह्यात मोठा मान होता. दुसऱ्या ओळीपासून पुढे कोणाला काही कळत नसे आणि जे कळत नाही ते थोरच असणार, यावर सगळ्या सुशिक्षितांचं एकमत होतं. महाराष्ट्र होऊन आठनऊ वर्षं झाली होती, जो तो काही ना काही स्थापन करत होता. भगवंतरावांनी 'जागतिक चित्रपट मंडळ' स्थापन केलं. साठ सभासद झाले. त्यातल्या पन्नास जणांना वाटलं होतं की वर्गणीत तंबूतला सिनेमाही फुकट मिळेल.

पण एक गोष्ट मात्र खरी होती, आणि ती भगवंतरावांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. असा एखादा चित्रपट आपल्या डोळ्यांनी पाहावा, याची त्यांना फार हौस होती. अगदी लहान मुलाला जत्रेची असते तेवढी. आणि आता तो योग आला होता. हंगेरीच्या वकिलातीच्या ग्रंथालयानं मंडळाला तिकडचा एक चित्रपट धाडला होता. प्रयोग नीट पार पडला, संपादकांची शिफारस मिळाली आणि सोबतचा अभिप्रायाचा कागद भरून गेला, तर जानेवारीत मुंबईला होणाऱ्या आठ दिवसांच्या परदेशी चित्रपट सप्ताहाचा एक पास मंडळाला मिळणार होता. फक्त एक. सप्ताह आठ दिवसांचा कसा, हे विचारायचं भान भगवंतरावांना उरलं नव्हतं.

"मी बी येऊ काय शनवारी पाहाले?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"तुला नाही कळायचं ते. त्यात गाणी नसतात."

"नसू द्या. मानसं तं असतीन?"

"माणसं असतात. पण ती प्रतीकं असतात."

"मायबाई!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मंग मी आपली मोताळ्याले गीताकडं जाऊन येईन. तिच्या घरी सारी मानसंच हायेत." गीताबाई त्यांची धाकटी बहीण. भगवंतरावांना हायसं वाटलं. बाईमाणूस मध्येच काहीतरी विचारतं आणि समीक्षेचा बेरंग होतो.

शनिवारी हायस्कुलाच्या दिवाणखान्याएवढ्या हॉलच्या खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता. गोणपाटं कडूबानं दिली होती. कडूबा शाळेच्या मागे राहायचा, सात म्हशी बाळगायचा आणि दुधाचा धंदा करायचा. गोणपाटांच्या बदल्यात त्याला शेवटच्या बाकावर जागा मिळाली होती. पंजाबराव बुलढाण्याहून साप्ताहिकाचा गठ्ठा घेऊन आले, दारातच प्रत्येकाला अंक दिला गेला. आत शिरताना साठच्या साठ जणांनी परीक्षण वाचलं आणि काय वाटून घ्यायचं ते ठरवून टाकलं.

परीक्षणात म्हटलं होतं : 'नायिका एक शब्द बोलत नाही, पण तिचे मोठाले, काळेभोर, पाणीदार डोळे सारं सांगतात. विस्तीर्ण कुरण आणि त्यात ती एकटी. मग शहरातून पांढऱ्या कोटातला डॉक्टर येतो, तिच्या आयुष्याला क्षणभर स्पर्श करतो आणि मागे वळूनही न पाहता निघून जातो. शेवट सांगून आम्ही रसिकांचा रसभंग करणार नाही.' शेवट मासिकातही दिलेला नव्हता.

विज्ञानाचे शिक्षक रामराव मशीनवर होते. त्या मशीनचा आवाज दोन वर्षांपूर्वीच गेला होता. फक्त चित्र दिसे. सुरुवातीला त्यानं पंधरावीस फूट फिल्म चावून खाल्ली, त्यात नावबिव जे काय होतं ते गेलं. मग पडदा उजळला. विस्तीर्ण कुरण दिसलं. हॉलमध्ये समाधानाचा सुस्कारा उमटला. कुरणात एक गाय उभी होती.

गाय पाच मिनिटं उभी होती. मग तिनं डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे पाहिलं. मग ती जवळून दिसली, तिचे डोळे पडदाभर झाले. मोठाले, काळेभोर आणि पाणीदार.

"वा!" पहिल्या रांगेतून मुख्याध्यापक शेषराव म्हणाले.

दहा मिनिटं झाली तशी भगवंतरावांनी हातातल्या अंकाची सुरळी केली. पंजाबराव त्यांच्याकडे झुकले.

"भगवंतराव, कमाल आहे. अजून नायिका दाखवलीच नाही." मग थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "का हीच?"

आता आली का पंचाईत! हा तो चित्रपट नव्हे म्हणावं, तर कशावरून, असं कोणी विचारलं की काय सांगणार? आणि हाच तो असला तर? परदेशात काहीही करतात. मासिकात 'संथ', 'मूक' आणि 'प्रतीकात्मक' हे तिन्ही शब्द होते. गाय तिन्ही होती.

"ते प्रेक्षकानं ठरवायचं असतं," भगवंतराव म्हणाले.

पंजाबरावांनी आदरानं मान हलवली. तेवढ्यात पडद्यावर एक जीप आली आणि पांढऱ्या कोटातला डॉक्टर उतरला. हॉलमध्ये कुजबूज झाली. परीक्षणाबरहुकूम सगळं चाललं होतं. डॉक्टरनं कोपरापर्यंत रबरी हातमोजा चढवला. गायीच्या मागच्या बाजूला गेला. परीक्षणात 'स्पर्श' असा शब्द होता, हे सगळ्यांना एकदम आठवलं. शेषरावांच्या पत्नी जनकाबाई यांनी डोळ्यांवर पदर घेतला.

"मास्तर!" शेवटच्या बाकावरून कडूबाचा आवाज आला. "डाक्टरचा हात चांगला हाय. पन गाय काई माजावर आलेली दिसत नाई. वाया गेलं समजा."

"चूप बस बे कडूबा," कोणीतरी खेकसलं. "प्रतीक हाय ते."

"कायचं प्रतीक? जर्सी हाय ते."

त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. डॉक्टर मागे वळूनही न पाहता निघून गेला. शेवटी गायीशेजारी एक वासरू लटपटत उभं राहिलं, गाय त्याला चाटू लागली आणि फिल्म संपली. टाळ्या थांबेनात.

मग चर्चा झाली. शेषराव म्हणाले की आधुनिक स्त्रीचं एकाकीपण इतक्या उघडपणे आजवर कोणी मांडलं नव्हतं. पंजाबरावांनी भाषणच केलं. आपल्या हिंदी चित्रपटांतल्या एका तरी नायिकेनं असं धाडस केलं आहे का, असा त्यांनी सवाल केला. मुंबईच्या पाससाठी भगवंतरावांचीच शिफारस करीत असल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि भगवंतरावांना हार घातला गेला.

"दूध किती देते ते दाखवाले पाह्यजे होतं," कडूबा म्हणाला.

"हा भौतिकवादी दृष्टिकोन झाला," शेषराव म्हणाले.

हार गळ्यात असतानाच भगवंतरावांना दारात गुलाबराव दिसला. गुलाबराव पंचायत समितीत होता, गावोगाव शेतीचे माहितीपट दाखवायचं काम त्याचं. त्याच्या काखेत एक गोल पत्र्याचा डबा होता आणि चेहरा उतरलेला होता. भगवंतराव आणि पंजाबराव व्हरांड्यात आले.

"मास्तर, घोळ झाला," गुलाबराव म्हणाला. "मलकापुरातून दोन्ही डबे म्याच आनले. एक तुमचा, एक मोताळ्याच्या पशुपालन मेळाव्याचा. तुमच्याकडं गायीचा आला काय?"

पंजाबरावांनी भगवंतरावांच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं.

"सकाळी तिकडं कापसाच्या जिनिंगच्या गोडाऊनात दोनशे मानसं गाय पाहाले आली," गुलाबराव सांगू लागला, "अन् पडद्यावर एक पोरगी, नुसती पाहून राह्यली. भाषा कोनाले येत नाई. मले वाटलं, आता मारतात हे लोक. पन एक मानूस उठला नाई बाप्पा! बाया तं रडल्या."

"कोणाला सांगितलंस का तू हे?" पंजाबरावांनी विचारलं.

"नाई."

"मग सांगूही नकोस."

भगवंतरावांनी डबा हातात घेतला. चार वर्षं ज्याच्यासाठी ते झुरत होते ते एवढंसं, पत्र्याचं, थंडगार होतं. "पंजाबराव, मशीन आत तयारच आहे. दहा मिनिटं तरी…"

"अन् ते साठ जण? आताच मी धाडस धाडस म्हणून गळा काढला. उद्या मला बुलढाण्यात तोंड दाखवायचं आहे."

एस.टी.चा हॉर्न वाजला. गुलाबरावानं भगवंतरावांच्या हातातला डबा ओढून घेतला, आतला दुसरा रामरावांकडून आणला आणि दोन्ही घेऊन तो गाडीत बसला. दोन्ही डबे त्याच गाडीनं मलकापूरला जाऊन पुढे आगगाडीत चढणार होते. भगवंतराव धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले. त्यांना खरोखर रडू येत होतं.

घरी येऊन त्यांनी अभिप्रायाचा कागद काढला. पाच प्रश्न त्यांनी सराईतपणे उडवले. सहावा होता : 'अखेरच्या दृश्याचं वर्णन करून प्रेक्षकांवर झालेला परिणाम लिहा. मोघम उत्तराचा विचार केला जाणार नाही.' भगवंतराव टाकाचं टोक चावत बसले. वासराचं वर्णन करावं, तर पास हंगेरीच्या वकिलातीनं द्यायचा होता, पशुसंवर्धन खात्यानं नव्हे.

दिवेलागणीला सत्यभामाबाई मोताळ्याहून परतल्या आणि आल्या आल्या चुलीपाशी बसून बोलू लागल्या. "आज लय चांगला पिच्चर पाह्यला बाई! गोडाऊनात फुकट दाखवला. पोरगी बोलत नाई काई, पन सारं कळते. तो डाक्टर येते नं, तिले वाटते हा आता आपला. गीताच्या सासूनं, रुक्मिणीबाईनं, पयलेच सांगतलं, याच्या बुटाकडं पाहा, हा राहनारा मानूस नाई. चिखल लागला का थांबे अन् पुसे. दर वक्ती पुसे!"

मासिकात बुटांचा उल्लेख नव्हता. भगवंतरावांनी घाईघाईनं 'बूट' असं लिहून घेतलं.

"काऊन लिहून राह्यले?" सत्यभामाबाई थबकल्या. "डाक्टर, कुरन, पोरगी… हे तं तुमच्या पेपरातलं. म्हंजे तोच पिच्चर! मंग तुमी काय पाह्यलं आज?"

भगवंतरावांनी टाक खाली ठेवला. एरवी घरातही ते शुद्ध बोलायचा आग्रह धरत. "गाय पाह्यली," ते म्हणाले.

सत्यभामाबाई हसू लागल्या त्या थांबेचनात. तव्यावरची भाकर करपली तरी हसत होत्या. भगवंतरावांनी सगळं सांगितलं, मोज्यासकट. मग त्यांनी हळूच विचारलं, "शेवटी काय होतं गं?"

सत्यभामाबाईंनी डोळे पुसले. "अन् मुंबईले कोन जानार हाय?"

"म्हणजे काय? मी."

"आठ दिवस नुसतं पाहाचंच हाय नं तिथं? मंग पाहता येनारं मानूस पाठवा. माह्यं नाव लिहा. मंग सांगीन."

"अगं, तू? ते प्रतीकं, ते…"

"गाईची गोष्ट जनकाबाईले माहीत हाय काय? उद्या नळावर भेटनार हाय मले."

भगवंतरावांनी कागद पुढे ओढला आणि शेवटच्या रकान्यात 'प्रतिनिधी : सौ. सत्यभामाबाई' असं लिहिलं. सत्यभामाबाईंनी ते दिव्याशी धरून वाचलं, वेलांट्या तपासल्या, मग पाट ओढून समोर बसल्या.

"ती त्याच्या मागं धावत नाई. गाडी गेल्यावर अंगन झाडाले घेते. सारं अंगन झाडते, पन त्याच्या बुटाचे ठसे हायेत नं, तेवढे सोडून देते. वळसा घालून झाडते. मंग दारात जाते, मागं पाह्यते. परत येते, अन् ते बी झाडून टाकते. संपला."

चार वर्षांत असं काही भगवंतरावांनी कधी लिहिलं नव्हतं. सत्यभामाबाईंनी सांगितलं तसंच, शब्द न बदलता त्यांनी ते उतरवून घेतलं. कागद शिफारशीसाठी गेला तेव्हा पंजाबरावांनी बुलढाण्याहून चिडून विचारलं, की हे बायकोचं नाव काय म्हणून? भगवंतरावांनी उलट टपाली कळवलं, की तिला गायीचं माहीत आहे. शिफारस त्याच आठवड्यात सहीनिशी आली.

जानेवारीत पास आला आणि सत्यभामाबाई सोबतीला बहिणीला घेऊन मुंबईला गेल्या. गीताबाईंचे दीर तिकडे गिरणीत होते, उतरायची सोय झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भगवंतराव घरामागच्या गोठ्यात बादली घेऊन बसले होते आणि सत्यभामाबाईंच्या हातची म्हैस त्यांना जवळ येऊ देत नव्हती. कुंपणापलीकडून जाताना कडूबानं पाहिलं आणि तो आत आला. काही न विचारता त्यानं बादली घेतली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि धार काढू लागला.

"वयनी दिसून नाई राह्यल्या. कोठी गेल्या?"

"मुंबईला."

"कायले?"

"परदेशी चित्रपट पाहायला."

कडूबाची धार क्षणभर थांबली. "अन् तुमी नाई गेले?"

"मी समीक्षक आहे, कडूबा," भगवंतराव म्हणाले. "आम्हाला पाहावं लागत नाही."